थ्रीडी सिनेमा परत का आला, मग का ओसरला? आणि शूटिंगनंतर बनवलेला थ्रीडी खोटाच असतो ना?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि लिहायला बसले. मुंबईत काही वर्षं मी हेच काम केलं आहे. साध्या कॅमेऱ्याने शूट केलेल्या सिनेमाचा थ्रीडी करणाऱ्या स्टुडिओत डेप्थ आर्टिस्ट होते. त्यामुळे 'खोटा' हा शब्द मला लागतो.

आधी पहिला भाग उरकते. थ्रीडी नवीन कधीच नव्हता. १९५२-५३ मध्ये हॉलिवूडमध्ये मोठी लाट आली आणि दोन-तीन वर्षांत विरली. तेव्हा डाव्या डोळ्याची प्रिंट वेगळी, उजव्याची वेगळी, आणि दोन प्रोजेक्टर एकमेकांना जोडून चालवायचे. एका प्रिंटच्या चार फ्रेम तुटल्या आणि ऑपरेटरने दुसऱ्या प्रिंटमधल्या नेमक्या तेवढ्याच कापल्या नाहीत, तर दोन डोळ्यांना दोन वेगळे क्षण दिसायचे. डोकं दुखणारच. ऐंशीच्या दशकात पुन्हा एक लाट आली. १९८४ चा मल्याळम 'माय डिअर कुट्टीचातन' त्याच काळातला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो १९९८ मध्ये 'छोटा चेतन' म्हणून पाहिला.

तिसऱ्या खेपेला डिजिटल प्रोजेक्टरने हा घोळच मिटवला. एकच यंत्र डावं-उजवं, डावं-उजवं असं आलटून पालटून दाखवतं. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक फ्रेम प्रत्येक डोळ्याला तीनदा, म्हणजे दोन्ही डोळे मिळून सेकंदाला १४४ वेळा. चुकामूक व्हायला जागाच नाही. २००५ मध्ये 'चिकन लिटल'पासून याची सुरुवात झाली. डिसेंबर २००९ मध्ये 'अवतार' आला आणि थिएटरवाल्यांनी धडाधड नवे प्रोजेक्टर बसवले. मराठीतही २०१३ मध्ये महेश कोठारेंनी 'झपाटलेला २' थ्रीडीत केला.

आता निर्मात्यांना सगळंच थ्रीडी हवं होतं. दोन कॅमेऱ्यांनी शूट करणं महाग आणि वेळखाऊ, म्हणून साधं शूट करा आणि नंतर थ्रीडी करून घ्या, असा रस्ता निघाला. यालाच कन्व्हर्जन म्हणतात. ते काम मोठ्या प्रमाणात भारतात आलं. अ‍ॅनिमेशनचा कोर्स करून सांगलीहून मुंबईला आलेल्या माझ्यासारख्या मुलामुलींना नोकऱ्या लागल्या त्या याच कामात.

काम असं चालतं. रोटोवाले शॉटमधली प्रत्येक वस्तू फ्रेमगणिक कापून वेगळी करतात. डेप्थवाले तिला खोली देतात, म्हणजे जवळचं पांढरं, लांबचं काळं, मधलं सगळं करड्या छटांत. नुसता माणूस पुढे आणून चालत नाही. त्याचं नाक गालापुढे, कान मागे, खांदा वळलेला असेल तर तो वळणदार. नाहीतर पुठ्ठ्याची माणसं उभी केल्यासारखं दिसतं. मग या नकाशावरून दुसऱ्या डोळ्याचं चित्र तयार होतं आणि वस्तू सरकल्यामुळे मागे जी भोकं पडतात ती पेंटवाले भरतात. केस, धूर आणि आउट ऑफ फोकस कडा हे आमचे शत्रू.

आणि काच. एका परदेशी सिनेमाच्या सीक्वेन्समध्ये बाई ट्रामच्या खिडकीशी बसलेली, रात्रीची वेळ, बाहेर पाऊस. काचेवर पाण्याचे थेंब, काचेत तिच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब आणि काचेपलीकडे रस्त्यावरचे दिवे. चित्रात एकाच ठिकाणी तीन अंतरं. आमच्या सुपरवायझर सरांनी सांगितलं, "सगळं काचेवर चिकटव. शुक्रवारी डिलिव्हरी आहे."

मला ते पटेना. प्रतिबिंब काचेवर नसतं. ती बाई काचेच्या जितकी अलीकडे, तितकंच ते पलीकडे दिसतं. रोज रात्री लेडीज डब्यातून घरी जाताना मी हेच तर बघत होते. खिडकीच्या काचेवर बोट टेकवा आणि त्याच काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या डोळ्यांकडे बघा. बोट दोन दिसतं, कारण तुमची नजर काचेच्या मागे गेलेली असते. आता नजर बोटावर आणा, चेहरा दुहेरी होतो. दोन्ही एका अंतरावर असते तर असं झालंच नसतं.

सरांना मी म्हटलं, "सर, एक मिनिट खिडकीपाशी याल का?" बाहेर अंधार होता, आत ट्यूबलाइट, काचेत अख्खा फ्लोअर दिसत होता. त्यांनी बोट टेकवलं, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोन शॉट असे कर. बाकीचे काचेवरच जातील, वेळ नाही."

त्या दोन शॉट्ससाठी प्रतिबिंब मूळ चित्रातून सोडवून काढावं लागलं. पेंटच्या एका मुलीने थेंब वेगळे केले आणि मागचा रस्ता नव्याने रंगवला. मग थेंब काचेवर, चेहरा काचेमागे हातभर, दिवे खूप लांब, असं बसवलं. पहिल्यांदा चष्मा लावून बघितलं तेव्हा ती बाई खरोखर खिडकीशी बसली होती. तो आनंद मी अजून विसरलेले नाही. त्याच सीक्वेन्समधले उरलेले शॉट मात्र सपाट गेले. त्यात चेहरा काचेवर छापल्यासारखा दिसतो. हा फरक कन्व्हर्जन आणि खऱ्या थ्रीडीमधला नाही. दोन्हीकडे कन्व्हर्जनच आहे. फरक दिलेल्या वेळेचा आहे.

माझा मावसभाऊ कॅमेरा डिपार्टमेंटमध्ये असिस्टंट आहे. दोन कॅमेऱ्यांच्या रिगवर, म्हणजे दोन्ही कॅमेरे एकत्र बसवलेल्या सांगाड्यावर, त्याने काम केलंय आणि माझं काम त्याच्या लेखी कातरकाम. तो सिनेमा बघून आला आणि मला म्हणाला, "ते ट्रामचे दोन शॉट बघ, रिगवर घेतलेले कळतात लगेच." मी सांगितलं, दादा, ते मी केलेत. त्याचा विश्वास बसला नाही, आजही बसत नाही. त्याचं एकच पालुपद असतं, "अगं, जे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही ते तू कुठून आणणार?"

तर दादा, आणि प्रश्न विचारणारे तुम्हीसुद्धा, ऐका. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. तुमच्या रिगवर दोन भिंगांमधलं अंतर नेहमी तेवढंच ठेवता का? नाही. क्लोजअपला कमी करता, डोंगर दाखवायचे तर वाढवता. म्हणजे खोली किती दाखवायची हे सेटवर कुणीतरी ठरवतं. आम्ही तेच नंतर, प्रत्येक वस्तूसाठी वेगवेगळं ठरवतो. आणि रिगवरून आलेला मालही धुतल्या तांदळासारखा येत नाही. दोन मोठे कॅमेरे शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून अर्धपारदर्शक आरसा लावून एक त्यातून आरपार बघतो आणि दुसरा प्रतिबिंब घेतो. त्या आरशामुळे प्रकाशाचं ध्रुवीकरण होतं. ओला रस्ता किंवा गाडीची काच एका डोळ्यात चमकते, दुसऱ्यात मंद दिसते. ते दुरुस्त करायला शॉट येतात आमच्यासारख्यांकडेच.

'क्लॅश ऑफ द टायटन्स' २०१० मध्ये 'अवतार'च्या यशानंतर घाईने जेमतेम दहा आठवड्यांत कन्व्हर्ट केला गेला आणि कन्व्हर्जनचं नाव तिथेच बदनाम झालं. जेम्स कॅमेरॉनने 'टायटॅनिक'च्या कन्व्हर्जनला ६० आठवडे आणि १ कोटी ८० लाख डॉलर दिले. २०१२ मध्ये तो पडद्यावर आला. दोन्हीकडे तंत्र एकच. 'ग्रॅव्हिटी'चाही बराचसा भाग कन्व्हर्ट केलेला आहे, आणि तो बघून खोटा म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

लाट ओसरली ती घाईने केलेल्या सिनेमांमुळे, जादा तिकिटामुळे आणि अंधारामुळे. अंधाराबद्दल कुणी फारसं बोलत नाही. साध्या सिनेमाला पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असा दंडक आहे. थ्रीडीत प्रोजेक्टरचा उजेड दोन डोळ्यांत वाटला जातो, त्यात फिल्टर आणि चष्मा आणखी खातात. तेव्हा चांगल्या थिएटरातही साडेचारच्या आसपासच उरायचा. मालकाने दिव्यात काटकसर केली की त्याहून कमी. आम्ही केसाची एकेक बट सोडवायची आणि प्रेक्षकाने ती काळोखात बघायची! घरी टीव्हीवर तर हा प्रकार रुजलाच नाही. २०१६-१७ मध्ये सॅमसंग, एलजी, सोनी या सगळ्यांनी थ्रीडी टीव्ही बंद केले.

दोन गोष्टी मात्र मान्य करते. धावत्या कॅमेऱ्यासमोर पाऊस, धुकं, दाट झाडी असेल तर दोन कॅमेऱ्यांनी शूट करणं अजूनही चांगलं. 'लाइफ ऑफ पाय' तसाच शूट केलेला आहे आणि तो कन्व्हर्ट करायला निघालं असतं तर आमचे हाल झाले असते. दुसरं म्हणजे थ्रीडीत डोळे पडद्यावर फोकस करतात आणि वळतात मात्र वस्तू जिथे भासते तिथे. ही ओढाताण कुठल्याही थ्रीडीत राहणारच, मग तो रिगवरचा असो की आमचा. काहींना ती सोसत नाही. ज्यांचा एक डोळा अधू आहे त्यांना खोली जाणवतच नाही. १९५३ चा गाजलेला थ्रीडी 'हाउस ऑफ वॅक्स' बनवणारे आंद्रे द तॉत स्वतः एका डोळ्याने बघत होते, तरी सिनेमा उत्तम झाला.

बघायचाच असेल तर मोठ्या, उजेड चांगला असलेल्या पडद्यावर बघा आणि मधल्या रांगांत मधोमध बसा. कडेला बसलात तर खोली तिरकी होते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत डोळ्यांवर ताण आला तर ओढून-ताणून बसू नका. पुढच्या वेळी साध्या टूडी खेळाचं तिकीट काढा, ते स्वस्तही असतं.