बाबांना दीपगृह आतून बघायचंय

प्रश्न : ताई, माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. जन्मभर व्यापारी जहाजांवर इंजिनखात्यात होते. परवा जेवताना सहज म्हणाले, "दीपगृहं शेकड्यांनी बघितली, पण सगळी पाण्यातून. आत कधी पाय टाकला नाही." त्यांना आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जायचंय. अलिबागकडची खांदेरी आणि कोर्लई ही दोन नावं ऐकली आहेत. बाबांचे गुडघे दुखतात. कुठे जावं?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बाबांचं ते वाक्य मी घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली, माझं आजोळ थळ, अलिबागजवळचं, खांदेरी बेटाच्या समोरचं. उन्हाळ्यात मामाच्या अंगणात झोपलं की खांदेरीचा दिवा दिसायचा. उजेड यायचा, जायचा, परत यायचा. मामा दर्यावर असला की आजी निजण्याआधी त्या बाजूला तोंड करून हात जोडायची. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, आम्हा कोळ्यांचा तो मोठा देव.

म्हणून मन म्हणतं, खांदेरी सांगावं. तिथलं दीपगृह १८६७ सालचं, अष्टकोनी बांधणीचं. आणि जागा तर केवढी मोलाची! १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदी घालायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ती थांबवायला गलबतं धाडली. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी त्यांना पुरतं जेरीस आणलं आणि इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं जहाजही मराठ्यांच्या हाती लागलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे.

पण बाबांना या खेपेला तिथे नेऊ नका. थळहून होडी करावी लागते. भरती-ओहोटी आणि वारा बघून तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य नाखवा, हो म्हणेल तेव्हाच निघायचं. धक्क्याला लागली तरी होडी डुलतच असते आणि त्या डुलण्यात पाय उचलून टाकणं दुखऱ्या गुडघ्यांना झेपत नाही. मुलगा थोडा मोठा झाला की तुम्ही दोघं जा. बेटावर उतरायची आणि दीपगृह बघायची परवानगी आहे का, ते मात्र आधी विचारूनच.

आता जा कोर्लईला. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, मग चौलवरून रेवदंडा. वडखळला गाड्या तुंबतात, तेव्हा पहाटेच निघा. रेवदंड्याचा कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई गाव. किल्ल्याच्या डोंगराला पश्चिमेकडून वळसा घालत वाट थेट दीपगृहापाशी जाते, चढ चढावा लागत नाही. किल्ला पोर्तुगीजांचा, दीपगृह मात्र गेल्या शतकातलं. आत सोडायची वेळ ठरलेली असते, ती निघण्याआधी पक्की करा. दीपगृहांत शेवटच्या टप्प्याला बहुधा उभी लोखंडी शिडी असते. तिथे बाबांना पुढे घाला, तुम्ही मागे राहा, आणि गुडघा नको म्हणाला तर हट्ट नको.

वर गेल्यावर फोटोंची घाई करू नका. आधी भिंग बघा. हे मी कळकळीने सांगते, कारण बहुतेक माणसं समुद्राकडे तोंड करून उभी राहतात आणि ज्याच्यासाठी एवढा मनोरा बांधला त्याच्याकडे पाठ करतात. दिव्याचा उजेड चहूकडे सांडून वाया जातो. तो गोळा करून एका पट्ट्यात दूर फेकायला प्रचंड भिंग हवं, पण तेवढी जाड काच उचलणार कोण? फ्रान्सच्या फ्रेनेल नावाच्या शास्त्रज्ञाने भिंगाचा जाड गाभा काढून टाकला आणि नुसता वक्र पृष्ठभाग कड्यांकड्यांनी मांडला. १८२३ मध्ये फ्रान्समधल्याच कोर्दुआँच्या दीपगृहात ते पहिल्यांदा लागलं. अशा भिंगाभोवती दिवसा पडदे ओढून ठेवतात. मुलाला विचारा, का? उजेड बाहेर फेकणारं भिंग बाहेरचं ऊनही तसंच आत एका जागी गोळा करतं आणि त्या तापाने दिवा जळू शकतो. हे आधी सांगू नका, त्याला शोधू द्या. इंजिनखात्यातले आजोबा शेजारी असताना तुम्ही मध्ये पडूच नका.

त्याला एक गणितही द्या. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ३.५७ ने गुणायचं. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. २५ मीटरवर उभं राहिलं तर सुमारे १८.

गावात जरा थांबा. इथले ख्रिस्ती लोक अजून घरात पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. मराठी आणि पोर्तुगीज एकमेकींच्या मांडीवर वाढल्यासारखी ती वाटते. ती ऐकायला मिळाली तर भाग्य समजा.

आणि मुख्य म्हणजे, अंधार पडायच्या आत परतू नका. रात्रीचा मुक्काम रेवदंड्यात ठेवा, पण संध्याकाळी कोर्लईच्या पुळणीवर बसा. प्रत्येक दिव्याची लुकलुकण्याची रीत वेगळी असते, किती लखलखाट आणि मध्ये किती काळोख, त्यावरूनच खलाशी दिवा ओळखतो. बाबांना सेकंदकाट्याचं घड्याळ बरोबर घ्यायला सांगा. मोजायला त्यांना शिकवावं लागणार नाही. नातवाला शेजारी बसवा, आणि दोघांचा आकडा काय आला ते मला कळवा.