सहावीच्या मुलांना चित्रप्रकल्पासाठी नदीवर न्यायचंय, तयारी कशी करू?

'नदी' विषय दिला की वर्गातली सगळी मुलं एकच चित्र काढतात, म्हणून त्यांना प्रत्यक्ष नदीवर न्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. जरूर न्या. मी वाईजवळच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि दरवर्षी मुलांना कृष्णेवर नेते.

ते एकच चित्र म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली निळी नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. पहिल्या वर्षी मी मुलांना घाटावर बसवलं, कागद वाटले आणि म्हटलं, काढा. समोर कृष्णा वाहत होती आणि मुलांनी कागदावर झोपडी, नारळ काढलं! नुसतं नेऊन भागत नाही, हे तेव्हा कळलं.

आता पहिला पाऊण तास मी कागद बाहेरच काढू देत नाही. फक्त बघायचं, तेही एकेका प्रश्नाचं उत्तर शोधत. पाण्याचा रंग कोणता? सगळे म्हणतात निळा. मग काचेच्या ग्लासात पाणी भरून दाखवते, त्याला जवळजवळ रंगच नसतो. परत नदीकडे बघायला लावते. झाडाखाली काळपट हिरवं, उथळ जागी तपकिरी, उन्हात पांढरं. त्या दिवशी निळा खडू पेटीतच राहतो.

वाईच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ सगळ्यांनी समोरून पाहिलेलं असतं. मी त्यांना मागच्या बाजूला नेते. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. अशी का, हे मी सांगत नाही. मुलं नदीकडे बघतात, भिंतीकडे बघतात, आणि थोड्या वेळाने कुणीतरी ओरडतंच, "बाई, पुराचं पाणी दोन्हीकडनं निघून जाईल!" त्यानंतर काढलेली भिंत बघा. तिचं टोक अगदी ठाम येतं, कारण ते कशासाठी आहे हे हाताला कळलेलं असतं. तुमच्या गावात असं देऊळ नसेल, पण पुलाचा खांब असेल, पुराची खूण असेल, धुण्याचा झिजलेला दगड असेल. तो आधी एकट्याने जाऊन हेरून ठेवा.

पक्षीही दाखवायलाच हवेत. ढोकरी, म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी, काठावर बसली की मातकट दिसते, शोधूनही सापडत नाही, आणि उडाली की पांढरीशुभ्र. हे एकदा पाहिलेलं मूल आकाशात पक्षी म्हणून उलटे आकडे काढत नाही.

मग कागद. पातळ कागद घाटाच्या दगडावर धरून मेणखडू आडवा घासायचा. काळ्या पाषाणावरचे टाकीचे घाव उमटतात. चित्र येत नाही म्हणणारी मुलंही यात रमतात. मी काठावरची थोडी माती घरी नेते, वाळवून, वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवते. तो रंग दुसऱ्या दिवशी वापरतो.

सुरक्षिततेत मात्र मला तडजोड चालत नाही. पावसाळ्यात नेऊच नका. नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळची वेळ उत्तम. वर धरण असेल तर पाणी कधी सोडणार आहेत याची आदल्या दिवशी चौकशी करा. आमच्या वर धोम धरण आहे, मी दर वेळी विचारते. पालकांचं लेखी संमतिपत्र, मुख्याध्यापकांची परवानगी, दहा मुलांमागे एक मोठं माणूस, मुलांच्या जोड्या. एकदा शेवाळावरून घसरून एका मुलाचा गुडघा फुटला. चूक माझी होती, मी त्याला खालच्या पायरीवर जाऊ दिलं होतं. तेव्हापासून ओल्या पायरीच्या वर दोन पायऱ्या सोडून खडूने रेघ मारते. रेघेच्या खाली कुणी जायचं नाही.

प्रकल्पाचं म्हणाल, तर प्रत्येकाने वेगळं चित्र काढण्यापेक्षा एकच लांब चित्र करा. प्रत्येकाला सारख्या मापाची उभी पट्टी द्या आणि सगळ्या पट्ट्यांवर पाण्याची पातळी एकाच उंचीवर आखून द्या. वर-खाली ज्याने जे पाहिलं ते त्याने काढायचं. पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या की व्हरांडाभर नदी होते. गेल्या वर्षी एका मुलीने पट्टीभर फक्त वाळत घातलेलं लुगडं काढलं होतं, काठाच्या नक्षीसकट, आणि त्याचं पाण्यातलं थरथरतं प्रतिबिंब. तिची आजी रोज त्याच घाटावर धुणं धुते.