पाटाचे पाणी राईत सोडण्याआधी चर बुजवा

आपल्या देवराईतील पाणथळ मार्चमध्येच सुकू लागली आहे आणि वरच्या पाटातून वाया जाणारे पाणी तिच्यात वळवावे काय, असे आपण विचारले आहे. पाणी वळवता येईल, पण ते नंतरचे काम आहे. आधी राईच्या कडेने सुपारीच्या बागेसाठी काढलेला चर बुजवावा लागेल.

कोकणात पावसाळ्यात सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो, तो जांभ्यात मुरतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांवाटे सावकाश बाहेर येतो; त्या पाझरावरच अशी जागा उन्हाळाभर ओली राहते. खोल चर हा पाझर मधेच तोडून थेट व्हाळात, म्हणजे ओढ्यात नेतो, त्यामुळे पाटाचे कितीही पाणी सोडले तरी तेही त्याच वाटेने निघून जाते. आम्ही हा धडा उशिरा शिकलो: दोन उन्हाळे एका कोपऱ्यात पाइपने पाणी सोडले, तर तिथे डबके साचले आणि पन्नास पावलांवरची जमीन भेगाळलेलीच राहिली. अमेरिकेतील फ्लोरिडात किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ कालव्यात कोंडली गेली आणि भोवतालच्या पाणथळी आटल्या. त्या परत आणताना कालव्याचा मोठा भाग पुन्हा मातीने भरावा लागला, ते काम २०२१ साली पुरे झाले. आपला चर त्या मानाने फावड्या-घमेल्याचे काम आहे.

चर वरच्या टोकापासून बुजवत यावे. ठरावीक अंतरावर चिकणमाती धुमसून आडवे बांध घालावेत आणि त्यांचा माथा काठच्या जमिनीपेक्षा किंचित उंच ठेवावा, म्हणजे पाणी बांधावरून न जाता दोन्ही बाजूंनी राईत पसरेल. त्यानंतर खुणा केलेला बांबू रोवून एक पूर्ण वर्ष, विशेषतः फेब्रुवारी ते मे, दर आठवड्याला पातळी लिहून ठेवावी. तूट दिसली तर तेवढेच पाणी पाटातून घ्यावे, तेही गाळ बसवणाऱ्या खड्ड्यातून आणि अनेक तोंडांनी.

जास्त पाणीही घातक ठरते. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील जायफळाच्या कुळातील झाडांची २.५९ हेक्टरची पाणथळ २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. तशी झाडे गुडघ्यासारखी मुळे चिखलाबाहेर काढून श्वास घेतात. आपल्या राईत तशी मुळे असतील, तर त्यांचे शेंडे कायम बुडतील इतकी पातळी कधीही ठेवू नये.

पाट सुपारीच्या बागांतून येत असेल, तर पावसाळ्यात ते पाणी मुळीच घेऊ नये, कारण कोळेरोगासाठी, म्हणजे बुरशीने होणाऱ्या सुपारीच्या फळगळीसाठी, फवारलेल्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातील तांबे त्यात उतरते. चर ज्यांचा आहे त्यांच्याशी देवळाच्या मानकऱ्यांसमक्ष बोलून घ्यावे आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव हाती आल्यावरच पहिले घमेले उचलावे.