दुखत नाही, खुपत नाही, तरी ईसीजी कशाला?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी नाशिकरोडला राहतो. वय ६८. प्रेसमधून रिटायर होऊन ८ वर्षं झाली. बीपी १२ वर्षांपासून, शुगर ६ वर्षांपासून, दोन्हीच्या गोळ्या नियमित चालू आहेत. मागच्या महिन्यात गोळ्या लिहून घ्यायला फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी मोबाइलशेजारी एक बोटभर पट्टी ठेवली आणि दोन्ही हातांची बोटं तिच्यावर टेकवायला सांगितली. अर्ध्या मिनिटात म्हणाले, ठोके अनियमित दिसतायत, मोठा ईसीजी आणि इको करून या. मला धाप लागत नाही, धडधड होत नाही, रोज सकाळी दोन किलोमीटर चालतो. मुलगा म्हणतो, खेळण्यासारख्या मशीनवर काय विश्वास ठेवायचा, दिवाळी झाली की बघू. जाऊ की थांबू?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : थांबू नका. याच आठवड्यात बारा लीडचा, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला मोठा, ईसीजी काढून घ्या. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दोन-चार दिवस मागेपुढे झाला तर चालेल, ईसीजी मात्र लांबवू नका.

त्रास नाही म्हणजे काही नाही, असा तुमच्या घरचा हिशेब आहे. मीही बरीच वर्षं हाच हिशेब करत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पंचवटीत माझा दवाखाना आहे, २६ वर्षं झाली. दिंडोरीकडच्या एक आजी दर महिन्याला एसटीने बीपी तपासायला यायच्या. मी दंडाला पट्टा बांधायचे, मशीन आकडा दाखवायचं, मी गोळ्या लिहून द्यायचे. कधीकधी आकड्याशेजारी अनियमित ठोक्यांचं छोटं चिन्ह लुकलुकायचं. हात हलला असेल म्हणून मी पुन्हा मोजायचे आणि आकडा आला की पुढच्या पेशंटला आत बोलवायचे. एका सकाळी भाकरी करताना आजींच्या हातातून उलथनं गळून पडलं, तोंड वाकडं झालं, समोर उभ्या असलेल्या सुनेला हाक मारता येईना. हॉस्पिटलात ईसीजी काढला तेव्हा एट्रियल फिब्रिलेशन निघालं. ते आदल्याच दिवशी सुरू झालं असेल असं मला वाटत नाही. दोन वर्षं त्यांचं मनगट माझ्या टेबलावर होतं आणि त्यावर तीन बोटं ठेवायची माझ्याकडून राहून गेली. तेव्हापासून साठीच्या पुढचं कुणीही येवो, पायात काटा रुतला म्हणून का येईना, मी आधी नाडी धरते.

एट्रियल फिब्रिलेशन, ज्याला आम्ही एएफ म्हणतो, त्यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डाव्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, तिथे रक्त साकळतं आणि गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात. एएफ असलेल्यांना हा धोका साधारण पाच पट असतो. आणि कितीतरी जणांना धडधडसुद्धा जाणवत नाही. तुम्ही दोन किलोमीटर चालता ही चांगली गोष्ट आहे, पण त्यावरून एएफ नाही असं म्हणता येत नाही.

आता त्या ‘खेळण्या’बद्दल. ईसीजीचे जनक आइन्थोवेन (नोबेल १९२४) यांच्या काळी रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. डाव्या-उजव्या हातांमधली जी नोंद ते घेत, तीच, म्हणजे लीड वन, तुमच्या डॉक्टरांची पट्टी दोन बोटांतून घेते. मी हे यंत्र गेली काही वर्षं वापरते आहे. ३० सेकंदांच्या आलेखात मी दोनच गोष्टी बघते. उंच टोकांमधली अंतरं सारखी आहेत का, आणि प्रत्येक टोकाआधी ती छोटी टेकडी, पी वेव्ह, आहे का. एएफमध्ये टेकडी नसते, रेघ नुसती थरथरत असते आणि एक अंतर दुसऱ्याशी जुळत नाही. मिरवणुकीत ढोलवाल्याचा एखादा टोला चुकला तरी ताल सुटत नाही, तसे अधूनमधून येणारे जादा ठोके बहुतेकदा काळजीचे नसतात. एएफमध्ये तालच नसतो.

यंत्र चुकतंही. जानेवारीत निफाडकडून येणाऱ्यांचे हात थंडीने गारठलेले आणि कोरडे असतात, मग आलेख खरखरतो आणि यंत्र ‘सांगता येत नाही’ असं दाखवतं. मी बोटं जराशी ओली करायला सांगते, कोपर टेबलावर टेकवायला लावते आणि पुन्हा घेते. हात कापत असेल तरी फसगत होते. म्हणून यंत्राने वर काय लिहिलंय त्यावर थांबायचं नाही, आलेख डॉक्टरांनी स्वतः वाचायचा. तुमच्या डॉक्टरांनी लगेच गोळी सुरू न करता मोठा ईसीजी सांगितला, हे त्यांनी अगदी योग्य केलं. तो आलेख मोबाइलमध्ये आहे, त्याची प्रिंट मागून घ्या आणि सोबत न्या. एएफ येऊन जाऊन असतं. मोठ्या ईसीजीच्या वेळी ठोके नियमित असले, तर हा जुना आलेखच पुरावा ठरतो. तसं झालं तर २४ तासांचं किंवा त्याहून जास्त दिवसांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ठोके नोंदवणारं यंत्र, लावावं लागेल.

सरसकट सगळ्यांनाच हे यंत्र लावावं, असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांना दोन आठवडे घरी अशा नोंदी घ्यायला दिल्या होत्या. पुढे सुमारे ७ वर्षं पाठपुरावा केला, फायदा दिसला, पण थोडाच. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत ६५ च्या पुढच्यांना असंच तपासलं, तर एकूण निदानं फारशी वाढली नाहीत, ८५ च्या पुढे मात्र वाढली. म्हणून शिबिरात पंचविशीच्या मुलांची रांग लावून हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण ६८ वर्षांचा माणूस, बीपी, शुगर, आणि तो दवाखान्यात आलेलाच आहे, तर ३० सेकंद द्यायलाच हवेत.

एएफ पक्कं झालं, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा प्रश्न येईल. त्यासाठी पक्षाघाताच्या धोक्याचे गुण मोजतात. वयाचा १ गुण, बीपीचा १, शुगरचा १, असे तुमचे ३ गुण होतात. २ किंवा त्याहून जास्त असले की गोळी द्यावी, असं आम्ही मानतो. त्याआधी हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि थायरॉइड बघतात. इकोमध्ये झडपा बघायच्याच असतात, कारण लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले पेशंट आपल्याकडे अजून आहेत. त्यांना जुनी अॅसिट्रॉमसारखी गोळी आणि दर काही आठवड्यांनी आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याची, तपासणी लागते, नव्या गोळ्या चालत नाहीत. झडप ठीक असेल तर एपिक्सॅबॅनसारखी नवी गोळी मिळते. तिला आयएनआर लागत नाही आणि मेथी-पालकाचं पथ्यही नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून अॅस्पिरिन सुरू करू नका. एएफमधला पक्षाघात टाळायला ती पुरी पडत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो. आणि गोळी सुरू झाल्यावर दात काढायचा म्हणून ती परस्पर बंद करू नका, आधी विचारा.

हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा : तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं, यातलं एकही दिसलं तर मालिश, लिंबूपाणी काही नको, थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ही वेळ माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात.

प्रश्न : हातातल्या घड्याळाने आईला (वय ७२) दोनदा ‘अनियमित ठोके’ असा इशारा दिला. घरात पट्टीचं यंत्र नाही. डॉक्टरांकडे जाईपर्यंत मी काय करू?
– एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : पाच मिनिटं त्यांना शांत बसवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तुमची तीन बोटं हलकी ठेवा, अंगठा वापरू नका. पूर्ण ३० सेकंद मोजा, आणि आकड्यापेक्षा ताल सारखा लागतोय का तिकडे लक्ष द्या. तारीख, वेळ आणि त्या वेळी आईंना काय वाटत होतं, ते लिहून ठेवा. घड्याळातला इशारा पुसू नका. कागद आणि घड्याळ दोन्ही घेऊन उद्याच जा. चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर उद्याची वाट बघू नका, आजच जा.