रॉथमध्ये यंदा किती वळवावे?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

जुन्या कंपनीच्या ४०१(के) या निवृत्ती-बचत खात्यातले, अजून कर न भरलेले १,४०,००० डॉलर एकदाच रॉथ आयआरएत, म्हणजे आधी कर भरून पैसे ठेवायच्या निवृत्ती खात्यात, वळवून मोकळे व्हावे, असा तुझा विचार पत्रातून कळला. हेतू चांगला आहे. आज कर भरला की पुढची वाढ आणि म्हातारपणी काढलेली रक्कम, नियम पाळल्यास, अमेरिकेत करमुक्त राहते. मात्र वळवलेला प्रत्येक डॉलर त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवला जात असल्यामुळे रक्कम ठरवण्याआधी यंदाचा हिशेब कागदावर मांडायला हवा.

तुझी पत्नी सध्या पूर्णवेळ शिकत असल्याने घरात १,१०,००० डॉलरचा एकच पगार येतो. २०२५ सालासाठी पती-पत्नींच्या एकत्रित विवरणपत्राला ३१,५०० डॉलरची प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, मिळते. ती वजा जाता करपात्र उत्पन्न ७८,५०० उरते. केंद्रीय कराचा १२ टक्क्यांचा टप्पा ९६,९५० वर संपतो, म्हणजे त्यात आणखी १८,४५० डॉलर मावतात आणि त्यांवर कर पडतो फक्त २,२१४ डॉलर. सगळेच वळवलेस तर पुढच्या बहुतेक रकमेवर २२ टक्के आणि २,०६,७०० च्या वर जाणाऱ्या ११,८०० डॉलरवर २४ टक्के लागून केंद्रीय कर २९,१९१ डॉलरने वाढेल. न्यू जर्सीचा राज्यकर त्याशिवाय.

म्हणून यंदा १८,००० च्या आसपास थांब, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्नीचे शिक्षण पुढच्या वर्षीही चालणार आहे, तेव्हा हीच संधी पुन्हा मिळेल. काही रक्कम जुन्या पद्धतीच्या, म्हणजे पैसे काढताना कर लागणाऱ्या, खात्यात कायमची राहिली तरी बिघडत नाही. निवृत्तीनंतर पगार थांबला की त्या वेळची प्रमाणित वजावट आणि खालचे टप्पे भरायला तीच उपयोगी पडते. १९६० नंतर जन्मलेल्यांना त्या खात्यातून सक्तीने पैसे काढावे लागतात ते ७५ व्या वर्षापासून, त्यामुळे तुझ्या हाताशी भरपूर वर्षे आहेत.

कर मात्र घरच्या बचतीतून भर, वळवलेल्या रकमेतून नव्हे. जुने ४०१(के) खाते आधी पारंपरिक आयआरएत (त्याच जुन्या पद्धतीच्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात) रोलओव्हर करून, म्हणजे थेट हलवून घे, त्यावर कर लागत नाही. मग तिथून हवी तेवढी रक्कम रॉथमध्ये वळव. त्या अर्जात कर कापून घ्यायचा का, असे विचारतात. तिथे शून्य टक्के लिही, कारण काहीच न लिहिल्यास १० टक्के कापले जातात, आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत कापलेली ती रक्कम पैसे काढून घेतल्यासारखी धरून तिच्यावर १० टक्के दंड बसतो. वळवलेल्या रकमेलाही पाच वर्षे हात लावू नकोस. त्याआधी काढलीस तर तोच दंड आहे. शिवाय २०१८ पासून वळवलेली रक्कम परत फिरवण्याची सोय कायद्याने बंद केली आहे, म्हणून घाई नको.

भारतात परतण्याचा तुमचा विचार कितपत पक्का आहे, हे दोघांनी बसून आधी ठरवा. रॉथची करमुक्ती अमेरिकेच्या कायद्याने दिलेली आहे आणि ती भारताच्या प्राप्तिकर खात्यावर आपोआप बंधनकारक होत नाही. तिथे पूर्ण निवासी झालात की जगभरच्या उत्पन्नावर कर लागू होतो. पुढच्या पाच-सात वर्षांत पुण्याला जायचेच असेल, तर यंदाचे १८,००० वळवण्याआधीसुद्धा दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सनदी लेखापालाचा सल्ला घे. त्याची फी देताना हात आखडता घेऊ नकोस.

रक्कम ३१ डिसेंबरच्या आत रॉथमध्ये जमा झाली पाहिजे. एप्रिलपर्यंतची मुदत आयआरएत दरवर्षी नव्याने भरायच्या रकमेला असते, अशा वळवण्याला नाही. नोव्हेंबरअखेरच्या पगारपत्रकावरचा वर्षारंभापासूनचा आकडा आणि बँकेचे व्याज मला कळव, म्हणजे नेमकी रक्कम ठरवू.

तुझा,
काका