दयाळ, चिरक की रॉबिन?

प्रश्न असा आहे: एका इंग्रजी बालकथेचा अनुवाद चालू आहे. कथेत बर्फाने झाकलेल्या कुंपणावर एक रॉबिन येऊन बसतो आणि गातो. मराठीत रॉबिनसाठी कुठे ‘दयाळ’ सापडतं, कुठे ‘चिरक’. यातलं कोणतं घ्यावं? आणि दयाळ हे नाव दयेवरूनच आलं असेल ना?

थेट उत्तर आधी देतो. त्या कथेत दयाळ नको आणि चिरकही नको, कारण ते दोन्ही आपल्याकडचे वेगळे पक्षी आहेत. रॉबिनच ठेवा. दयाळाचा दयेशी संबंध नाही. आता दोन्हींची कारणं, आणि ती सांगताना थोडं लांबवर जावं लागेल.

इंग्रजीत रॉबिन हे मुळात पक्ष्याचं नावच नव्हतं. रॉबर्ट या माणसाच्या नावाचं ते लाडकं रूप. पक्ष्याला लोक ‘रेडब्रेस्ट’, म्हणजे तांबड्या छातीचा, म्हणत. पंधराव्या शतकात त्याच्यापुढे लाडाने रॉबिन जोडलं गेलं आणि पुढे मूळ नाव मागे पडून लाडाचं नावच उरलं. पक्ष्यांना माणसांची नावं द्यायची इंग्रजांना आवडच आहे. कावळ्याचा भाऊबंद जॅकडॉ, त्यातला जॅक हे माणसाचंच नाव, आणि मॅगपाय या पक्ष्याच्या नावातली मॅग म्हणजे मार्गारेट. आपल्या दयाळाचं इंग्रजी नाव मॅगपाय-रॉबिन. म्हणजे त्या एका नावात एक मार्गारेट आणि एक रॉबर्ट असे दोघे बसले आहेत! आपणही काही वेगळं केलेलं नाही. राघू हे माणसाचं नाव आपण पोपटाला दिलं. मग मधमाश्या टिपणारा एक हिरवा पक्षी दिसला, त्याला ‘वेडा राघू’ म्हटलं. त्याचं पोपटाशी काही नातं नाही, फक्त रंग हिरवा. इंग्रज जगभर गेले तेव्हा त्यांनीही असेच रॉबिन वाटत नेले.

म्हणून ‘रॉबिनला मराठीत काय म्हणतात’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. इंग्लंडातला रॉबिन हा जेमतेम 14 सेंटिमीटरचा, चिमणीएवढा पक्षी. अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांना तिथे विटकरी छातीचा एक पक्षी दिसला आणि घरची आठवण येऊन त्यांनी त्यालाही रॉबिन म्हटलं. तो प्रत्यक्षात आपल्या कस्तुराच्या (इंग्रजीत थ्रश) कुळातला, जवळजवळ दुप्पट लांबीचा. भारतात तर आणखी गंमत झाली. दयाळाच्या अंगावर तांबडा रंग औषधालाही नाही. नर काळा-पांढरा, मादी काळ्याच्या जागी राखाडी. तरी त्याला रॉबिन म्हटलं गेलं. छाती लाल नसली तरी माणसाच्या आसपास राहणं, जमिनीवर उड्या मारत किडे वेचणं, शेपटी वर उचलणं आणि गोड गाणं, एवढं रॉबिनसारखं होतं. आणि हे नाव अगदीच आंधळं निघालं नाही. आजच्या वर्गीकरणात दयाळ आणि इंग्लंडातला रॉबिन दोघेही माशीमारांच्या मोठ्या कुळात एकत्र येतात. अमेरिकेतला, छाती तांबडी असूनही, कस्तुरांत राहतो.

मग एवढं नातं आहे, तर कथेत दयाळ का नको? ऋतूमुळे.

इंग्लंडातला रॉबिन हिवाळ्यातही गातो. पानगळीनंतर बहुतेक पक्षी गप्प होतात, तेव्हा याचा आवाज चालूच असतो. त्या दिवसांत नर आणि मादी वेगवेगळे राहतात, दोघेही आपापली हद्द राखतात आणि दोघेही गातात. गाणाऱ्या पक्ष्यांत मादीने असं गाणं तिकडे दुर्मीळच. बर्फ पडल्यावर किडे मिळेनासे होतात, तेव्हा तो बागेत काम करणाऱ्या माणसाच्या पावलांजवळ येतो, उकरलेल्या मातीतली गांडुळं उचलायला. थंडीतला सोबती म्हणून त्याच्यावर जो जीव जडला, तो यातून. नाताळाचं नातंही इथूनच सुरू होतं. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळात पोस्टमनचा गणवेश लाल असायचा, त्यामुळे लोक पोस्टमनलाच रॉबिन म्हणू लागले. नाताळची भेटकार्डं 1843 पासून विकायला आली, ती घरोघर पोचवणारा हा लाल कोटवाला. चित्रकारांनी चोचीत पत्र धरलेला पक्षी काढायला सुरुवात केली. धर्मकथाही जोडलेली आहे: क्रुसावरच्या येशूच्या कपाळातला काटा या पक्ष्याने उपसला, तेव्हा रक्ताचा थेंब छातीवर पडला आणि तो डाग पिढ्यान्‌पिढ्या राहिला.

दयाळ याच्या अगदी उलट. हिवाळ्यात तो जवळपास असतो पण लक्षात येत नाही. गाणं नाही, फार तर झुडपातून एखादी खरखरीत हाक. शिशिर सरू लागला की कंठ फुटतो आणि चैत्र-वैशाखात पहाटे उजाडायच्या आधीपासून तो विजेच्या तारेवर, गच्चीच्या टोकावर, आंब्याच्या शेंड्यावर बसून शीळ घालत राहतो. मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. पावसाच्या सुरुवातीपर्यंत हे चालतं. ज्याने हा पक्षी ऐकला आहे त्या मराठी वाचकाच्या मनात दयाळ म्हटलं की उन्हाळ्याची पहाट येते. बर्फातल्या कुंपणावर दयाळ गायला लागला की त्या वाचकाला वाक्य खोटं वाटेल, आणि ज्याने ऐकलेला नाही त्याला चुकीची ओळख होईल. अनुवादात पक्षी बदलणं म्हणजे ऋतू बदलणं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता दयेकडे येऊ. स्वभावाने दयाळ दयाळू नाही. विणीच्या काळात दुसरा नर हद्दीत आला की हा पिसं फुगवतो, चोच आभाळाकडे करतो, शेपटीचा पंखा उघडतो आणि छाती काढून मिरवत पुढे जातो. त्याने भागलं नाही तर मारामारी. (इंग्लंडातला तो गोडुला रॉबिनही तसाच. पक्षिअभ्यासक डेव्हिड लॅक यांनी 1930च्या दशकात डेव्हनमधल्या डार्टिंग्टन इथे रंगीत कडी घालून रॉबिन ओळखीचे केले आणि पेंढा भरलेला रॉबिन त्यांच्या हद्दीत ठेवून पाहिला. जिवंत रॉबिन त्यावर तुटून पडला. नुसत्या तांबड्या पिसांच्या गुच्छावरही हल्ला झाला.)

नावाचा उलगडा भोवतालच्या भाषांत आहे. हिंदीत या पक्ष्याला दहियर किंवा दहियल म्हणतात. बंगालीत तो दोयेल, बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी. तिथल्या दोन टाक्यांच्या नोटेवर तो होता आणि ढाक्यात त्याच्या नावाचा चौक आहे, दोयेल चत्वर. ही तिन्ही नावं शेजारी ठेवली की ती एकाच घरची आहेत हे कानाला कळतं. मधला ह निसटणं आपल्या बोलण्यात रोजचं आहे: नाही-नाय, पाहिजे-पायजे, पाहुणा-पावणा. शेवटच्या ल चा ळ होणं तर मराठीची खूणच: फल-फळ, काला-काळा, थाली-थाळी. दहियल, दयल, दयळ इथवर शब्द आला की शेजारीच आपला जुना ओळखीचा ‘दयाळ’ उभा आहे, दीनदयाळमधला. अनोळखी आवाजाला ओळखीच्या शब्दाने आपल्याकडे ओढून घेतलं, असं माझं मत. मुळातल्या दहियलमध्ये ‘दही’ ऐकू येतं, आणि काळ्या पंखावरची ती पांढरी पट्टी व पांढरं पोट पाहिलं की मला तरी दयेपेक्षा दही जास्त पटतं.

याच नावाने युरोपात केवढा घोळ घातला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एलिझर अल्बिन या चित्रकाराने 1737 मध्ये या पक्ष्याचं चित्र छापलं आणि देशी नाव ऐकून लिहिलं ‘डायल बर्ड’. डायल म्हणजे इंग्रजीत घड्याळाची तबकडी. फ्रेंच पक्षितज्ज्ञ लव्हेयाँ यांना वाटलं, ही सूर्यघटिकेचीच गोष्ट असणार, म्हणून त्यांनी फ्रेंचमध्ये त्याला ‘काद्राँ’, तबकडी, असं नाव दिलं. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘सौलारिस’ हा शब्द घातला होता. पक्षितज्ज्ञ जर्डन यांनी त्यावरून अंदाज बांधला की लिनियसला सूर्याचा म्हणून ‘सोलारिस’ लिहायचं होतं, हात चुकला. दुसरे पक्षितज्ज्ञ एडवर्ड ब्लाइथ यांनी हे खोडून काढलं. मद्रासमधले शल्यवैद्य एडवर्ड बल्कली यांनी या पक्ष्याचा एक नर लंडनला निसर्गाचे नमुने जमवणाऱ्या जेम्स पेटिव्हर यांच्याकडे पाठवला होता, आणि सोबत नाव कळवलं होतं ‘सौलारी’. ब्लाइथ यांनी त्याचा अर्थ लावला ‘शंभर गाणी’. म्हणजे लिनियसच्या लॅटिन वेशात सूर्य नव्हता, आपल्याच बाजूचा एक शब्द होता, आणि तो पक्ष्याच्या गळ्याचं कौतुक करत होता. कुणी दयाळचा अर्थ दया सांगितला की मला ही सूर्यघटिका आठवते: ऐकू आलेल्या आवाजावर आपल्या घरचा अर्थ चढवायचा मोह दोन्हीकडे सारखाच.

शामाचंही नाव इथे घ्यायला हवं. दयाळाचाच हा जंगलातला भाऊबंद, कोकण आणि सह्याद्रीच्या दाट झाडीत राहणारा, लांब शेपटीचा, पोटाला तांबूस. त्याचं नाव इंग्रजांनी जसंच्या तसं उचललं, शामाच ठेवलं. लुडविग कॉख यांनी 1889 मध्ये जर्मनीत मेणाच्या नळीवर पक्ष्याचं गाणं मुद्रित केलं, ते पाळीव शामाचं. पक्षिगीताचं ते सर्वांत जुनं मुद्रण मानलं जातं.

रंगाबद्दल एक सूचना, कारण अनुवादात इथे हमखास अडतं. ‘रेड’ दिसलं की आपण ‘लाल’ लिहितो. पण रॉबिनची छाती लाल नसते, नारिंगी असते. इंग्रजांनी त्याला नाव दिलं तेव्हा त्यांच्या भाषेत नारिंगी रंगाला वेगळा शब्दच नव्हता. फळाच्या नावावरून रंगाला ऑरेंज म्हणायला सोळावं शतक उजाडलं. तो शब्दही मूळ आपल्याच दिशेचा: संस्कृत नारंग, मग फारसी, अरबी, स्पॅनिश, फ्रेंच असा प्रवास करत, वाटेत सुरुवातीचा न गमावून तो तिकडे पोचला. मराठीला ही अडचण नाही, कारण आपल्याकडे ‘तांबडा’ आहे. तांबडी माती, पूर्वेला तांबडं फुटणं. या शब्दात लालपासून नारिंगीपर्यंतचा सगळा पट्टा सामावतो, जुन्या इंग्रजी ‘रेड’सारखाच. लाल छाती म्हटलं की कुंकवाचा रंग डोळ्यांपुढे येतो. तेव्हा ‘तांबड्या छातीचा रॉबिन’ लिहा.

मात्र कथा इंग्लंडातली आहे की अमेरिकेतली, हे तपासून घ्या. अमेरिकेत, विशेषतः उत्तरेकडच्या थंड राज्यांत, हिरवळीवर दिसलेला पहिला रॉबिन म्हणजे वसंताची चाहूल. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि कनेटिकट या तिन्ही राज्यांचा तो राज्यपक्षी. अमेरिकन लेखिका रेचल कार्सन यांनी 1962 मध्ये कीटकनाशकांविरुद्ध लिहिलं तेव्हा पक्ष्याविना आलेल्या मुक्या वसंताची कल्पना मांडली, आणि त्यात रॉबिनला मोठी जागा आहे. मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या आवारात एल्म वृक्षांचा रोग हटवायला डीडीटी हे कीटकनाशक फवारलं गेलं होतं. पानं गळून मातीत गेली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिननी, आणि रॉबिन मेले. अमेरिकन वाचकाला हे इतकं लागलं, कारण गप्प झालेला पक्षी हा त्यांच्या वसंताची खूण होता. अशा मजकुरात रॉबिनला नुसतं ‘एक पक्षी’ करून चालत नाही. पहिल्या उल्लेखाला ‘वसंतात परतणारा रॉबिन’ एवढं जोडलं की पुरतं.

दयाळ आणि चिरक हे शब्द मग कुठे वापरायचे? जिथे ते पक्षी खरोखर आहेत तिथे, आणि तिथे मात्र निःशंकपणे. इंग्रजी मजकूर भारतातला असेल आणि त्यात मॅगपाय-रॉबिन असेल तर दयाळ. इंडियन रॉबिन असेल तर चिरक. चिरकाला गर्द झाडी नको असते. खडकाळ माळ, दगडी बांध, निवडुंगाची कुंपणं, पडक्या भिंती हे त्याचं राज्य. नर काळाकुळकुळीत, खांद्यावर पांढरा ठिपका, आणि शेपटी इतकी ताठ वर की तिच्याखालचा विटकरी रंग दिसतो. दयाळ आणि चिरक या दोघांत तेवढा तांबडा वारसा दाखवणारा हाच, फक्त छातीऐवजी शेपटीखाली. मादी मातकट तपकिरी. दख्खनच्या पठारावरच्या गोष्टीत हा पक्षी रॉबिन म्हणून वावरला तर मला वाईट वाटेल, कारण शब्द आपल्या हाताशी आहे.

व्याकरणाचा भाग थोडक्यात. दयाळ आणि चिरक मराठीत मुरलेले पुल्लिंगी शब्द आहेत, त्यांचं सामान्यरूप करा: दयाळाचा, दयाळाने, चिरकाला. रॉबिन परका आहे, तो तसाच राहू द्या: रॉबिनचा, रॉबिनने, ‘रॉबिनाचा’ कानाला खटकतं. अनेकवचनात तिघेही बदलत नाहीत: दोन दयाळ, दोन चिरक, दोन रॉबिन. मादीसाठी ‘दयाळाची मादी’ किंवा ‘रॉबिनची मादी’ म्हणा. आणि तुमच्या कथेत गाणाऱ्या रॉबिनला ‘तो’ म्हणायची सक्ती नाही: बर्फात गाणारी ती मादीही असू शकते.