वाचकांचे प्रश्न : छोट्या होडीतून मासेमारी करताना

नव्या हंगामाच्या तोंडावर छोट्या होड्यांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही बापलेकांनी १८ फुटी फायबरची होडी आणि आउटबोर्ड इंजिन घेतले आहे. लाइफ जॅकेट घातले की जाळ्यात अडकते, असे वडिलांचे म्हणणे असल्यामुळे जॅकेटे होडीतच ठेवलेली असतात. एवढे पुरेसे आहे का? नवीन घ्यायची झाल्यास कोणती घ्यावीत? (एक वाचक, देवगड)

पुरेसे नाही. छोटी होडी उलटायला काही सेकंद पुरतात, आणि तेवढ्या वेळात फळीखाली कोंबलेले जॅकेट शोधून, घालून, त्याचे पट्टे आवळणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. मात्र वडिलांची तक्रार खोटी नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या जॅकेटांचे पट्टे लांब लोंबतात, बकले पुढे आलेली असतात आणि जाळे सोडताना त्यांत जाळ्याचे आस, म्हणजे विणीतली भोके, अडकतात. त्यामुळे जॅकेट टाळण्यापेक्षा पुढून सपाट, चेन असलेले आणि पट्ट्यांची टोके आत खोचता येतील असे जॅकेट निवडावे. एक छोटी सुरी म्यानासह छातीवर अडकवून ठेवावी, म्हणजे पाय जाळ्यात गुंतून माणूस ओढला गेला तरी एका हाताने जाळे कापता येईल.

जॅकेट माणसाला किती तोलून धरते, ते न्यूटनमध्ये लिहिलेले असते. ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्याला केवळ आधार देते. १०० न्यूटनचे खाडीत आणि किनाऱ्याजवळ चालते. खुल्या समुद्रात १५० न्यूटनचे घ्यावे, कारण बेशुद्ध माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर राखण्यासाठी ते बनवलेले असते. फुगणारी जॅकेटे सुटसुटीत असली तरी जाळ्याच्या होडीसाठी मी ती सुचवणार नाही. शिंगाळा या माशाच्या काट्याने किंवा गळाने त्यांना भोक पडू शकते, खाऱ्या हवेने गॅसची नळी गंजते, आणि आपोआप फुगणारे जॅकेट लाटेच्या माऱ्यानेही फुगण्याचा धोका असतो. फोमचे जॅकेट जाडजूड असते खरे, पण ते बिघडत नाही. एक मात्र सांभाळा : होडीत त्याचीच गादी करून बसण्याची सवय सगळीकडे दिसते, आणि रोज दाबला गेलेला फोम हळूहळू चपटा होऊन तरंगवण्याची ताकद गमावतो. नवे जॅकेट घेताना नौवहन महासंचालनालयाच्या मान्यतेचा शिक्का पाहावा. मग छातीइतक्या पाण्यात उभे राहून पाय उचलून बघावे. जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आले, तर दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेले दुसरे जॅकेट घ्यावे.

आपल्याकडे आउटबोर्ड इंजिन आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे जॅकेटाहूनही अधिक दुर्लक्ष होते. इंजिनाबरोबर एक लाल, पिळदार दोरी येते. तिचे एक टोक इंजिनाच्या बटणात बसवायचे असते आणि दुसरे सुकाणू धरणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला बांधायचे असते. माणूस पाण्यात पडताच दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडते. ती बांधलेली नसली, तर होडी रिकामीच पुढे निघून जाते किंवा गोल फिरून पंख्यासकट पडलेल्या माणसाच्या अंगावर येते. काठावरून पाण्याखाली दोन-तीन फूट लोंबेल असा दोरीचा फासही कायम बांधून ठेवावा. ओल्या कपड्यांनिशी नुसत्या हातांच्या जोरावर होडीत चढणे जवळजवळ अशक्य असते, फासात पाय ठेवला की ते साधते.

प्रश्न : आम्ही मित्र सुट्टीत तारकर्ली-देवबागला जातो. यंदा स्वतःची १४ फुटी होडी घेऊन कर्ली खाडीच्या मुखातून बाहेर गळाने मासेमारी करण्याचा विचार आहे. हवामान स्वच्छ असेल तर काही धोका आहे का? (एक वाचक, पुणे)

धोका आहे. खाडीच्या मुखाशी तो आभाळापेक्षा पाण्याच्या हालचालीतून अधिक येतो. देवबागला कर्ली जिथे समुद्राला मिळते, तिथे वाळूचे दांडे आहेत आणि ते जागा बदलत असतात. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर निघालेले असताना समोरून समुद्राची लाट आली, की ती लाट आखूड आणि उभी होते आणि दांड्यावरच्या उथळ पाण्यात फुटते. एरवी किरकोळ वाटणारी लाट तिथे १४ फुटी होडी आडवी करू शकते. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा जोर सर्वाधिक असतो. म्हणून भरती पुरी होत आलेली असताना बाहेर पडावे आणि परतताना पुन्हा चढत्या पाण्याची वेळ साधावी. हे गणित बसत नसेल त्या दिवशी खाडीतच गळ टाकावा, खाडीतही मासे असतात! पहिल्या काही वेळा तरी गावातला जाणकार मच्छीमार बरोबर घ्या. दांडा यंदा कुठे सरकला आहे, हे नकाशावर सापडणार नाही.

वाऱ्याचेही वेळापत्रक असते. हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वाहते तेव्हा किनाऱ्याजवळ पाणी शांत भासते, आणि दुपारी समुद्राकडचा वारा उठला की त्याच पाण्यावर फेस दिसू लागतो. पहाटे निघून दुपारपूर्वी परतण्याचा मच्छीमारांचा रिवाज या वाऱ्याशी जुळणारा आहे. शिवाय दक्षिणेकडे फार दूर झालेल्या वादळाच्या लाटा कोरड्या, निवांत हवेतही किनाऱ्यावर येऊन आदळू शकतात. त्यामुळे हवामान खात्याच्या इशाऱ्याबरोबरच हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांचा अंदाजही पाहावा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर होडी पाण्यात ढकलूच नये. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ वादळाच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या मोठ्या मासेमारी नौकांनाही देवगडच्या बंदरात आसरा घ्यावा लागला होता, तिथे १४ फुटी होडीची काय कथा! १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना राज्याच्या सागरी हद्दीत मासेमारीची बंदी असते, हेही ध्यानात ठेवावे.

होडीत दोन वल्ही, पाणी उपसायला डबा आणि पुरेशा दोरीचा नांगर हवाच. पाच मीटर पाण्यात निदान पंचवीस मीटर दोरी सोडली, तर नांगर आडवा ओढला जाऊन तळात रुततो. तो नाळेवरूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरूनच, टाकावा. मागच्या बाजूने टाकल्यास इंजिनाच्या वजनाने आधीच खाली गेलेली पिछाडी लाटेखाली येते आणि होडी भरते.

प्रश्न : आधी फिशफाइंडर घ्यावा की वायरलेस संच? (एक वाचक, अलिबाग)

वायरलेस. फिशफाइंडर खोली आणि खडक दाखवतो, हा त्याचा उपयोग मान्य आहे, पण इंजिन बंद पडून होडी वाहू लागली की त्याच्याकडे मदत मागता येत नाही.

प्रश्न : मोबाइल असताना वायरलेसची गरज काय? (एक वाचिका, रत्नागिरी)

मोबाइल जवळ असावाच, आणि तो पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात असावा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे दोन्ही क्रमांक त्यात आधीच नोंदवून ठेवावेत. परंतु किनारा मागे पडला की टॉवर सुटतो, आणि मोबाइलवर एका वेळी एकाच माणसाशी बोलता येते. व्हीएचएफ या वायरलेस संचाच्या सोळाव्या चॅनेलवर मारलेली हाक आसपासच्या ज्या ज्या नौकांचे संच चालू आहेत त्या सर्वांना ऐकू जाते, आणि पहिली मदत बहुधा शेजारच्या होडीकडूनच येते. छोट्या होडीत अँटेना पाण्यालगत असल्यामुळे हातातल्या संचाचा पल्ला दुसऱ्या तशाच होडीपर्यंत चार-पाच सागरी मैलांहून फारसा जात नाही. संच घेताना त्याच्या परवान्याचीही चौकशी करावी. हाक देताना आधी ठिकाण सांगावे, मग माणसे किती आणि अडचण काय ते सांगावे, कारण बोलणे मध्येच तुटले तरी शोधणाऱ्याला निदान दिशा कळते. होडी उलटली आणि तरंगत असली, तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नये. पाण्यावरचे एकटे डोके शोधणाऱ्याला दिसत नाही, उलटी होडी दिसते.

प्रश्न : शिंगाळ्याचा काटा लागल्यावर काय करावे? (एक वाचक, श्रीवर्धन)

जखम स्वच्छ करून हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने वेदना बरीच उतरते. पाण्याची ऊब दुसऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने आधी तपासावी, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. पाकट माशाच्या शेपटीचा काटा लागला तरी हाच उपाय आहे, मात्र तो छातीत किंवा पोटात खोल रुतला असेल तर ओढून न काढता तसेच इस्पितळ गाठावे. दोन्ही वेळी काट्याचा तुकडा आत राहिला आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी त्यांना विचारावे.